रोज चार कप उरतात

सोमवार, २ तारीख

कंपनीने निरोप देताना ही डायरी दिली. घरी येऊन उघडली तर गेल्या वर्षीची! तारखा ठीक, पण वार सगळे चुकलेले. स्टोअरमध्ये उरली होती, ती माझ्या गळ्यात मारली. दुसरा कोणी असता तर चिडला असता. मला उलट बरं वाटलं. स्क्रूच्या कारखान्यात बत्तीस वर्षं तपासनीस होतो आणि त्यातली निम्मी वर्षं घसा कोरडा करून हेच सांगत आलो, की बाबांनो, वाया काही घालवू नका. कोणीतरी ऐकत होतं म्हणायचं. वार खोडून लिहीत जाईन.

घरी बसण्याचा आज पहिला दिवस. सहाला जाग आली, बूट घातले, मग आठवलं, काढले. पावणेदहाला हिने कॉफी केली. मोठ्या निळ्या किटलीत, काळी, दूध वेगळं. ट्रेमध्ये चार कप मांडलेले. "अगं, आपण दोघंच की," असं म्हणून मी दोन कप फडताळात परत ठेवले.

एक कप तिने घेतला, एक मी. सहज किटलीत डोकावलो, तर चार कप शिल्लक! साडेअकरापर्यंत ती कॉफी तशीच निवत बसली आणि मग हिने ती सरळ मोरीत ओतली.

"रोज एवढी करतेस?"

"सवय आहे," म्हणाली.

सहातले चार कप! आमच्याकडे शंभरात दोन स्क्रू वाकडे निघाले तरी मशीन बंद करून साहेबांना फोन जायचा.

मंगळवार, ३ तारीख

दहाला बेल वाजली. खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाई. दार मी उघडलं, तर दचकल्याच.

"भाऊजी! तुम्ही घरी?"

"आता कायमचा," मी हसून म्हटलं.

त्यांचा चेहरा पडला. निवृत्ती म्हटलं की लोक उगीच हळवे होतात. काय हवं होतं विचारलं, तर जरा घुटमळून म्हणाल्या, "सुई हवी होती."

शिंपीणबाईंकडे सुई नाही! कमाल आहे. पण शेजारधर्म म्हणून मी सुयांचा डबा आणला आणि कुठल्या कापडाला कितव्या नंबरची सुई, हे नीट समजावून सांगितलं. नऊ नंबर म्हणजे नऊ नंबर, तिथे अंदाजपंचे चालत नाही. वीस मिनिटं उभ्या उभ्या ऐकलं बिचारीने. मधून मधून माझ्या खांद्यावरून आत बघत होत्या. आमचे पडदे आवडले असावेत.

आजही चार कप उरले. मी ठरवून टाकलं आहे. या घरातला कॉफीचा एक थेंबही यापुढे मोरीत जाणार नाही.

गुरुवार, ५ तारीख

कालपासून कॉफीचा बर्फ करतो आहे. फ्रीजरमधले दोन्ही साचे भरले, वर औषधाच्या तीन बाटल्यांची झाकणंही भरली. संध्याकाळी हिचं कोपर कपाटावर आपटलं. तिने घाईने बर्फ काढला, पांढऱ्या टॉवेलात बांधला आणि पलंगावर पडून कोपरावर धरला. थोड्या वेळाने हाक आली, "अहो, माझ्या कोपरातून काहीतरी काळं येतंय!"

कोपर बरं आहे. टॉवेल, उशी आणि चादर बरी नाही.

सकाळी तिसऱ्या मजल्यावरच्या नर्सबाई आल्या होत्या. त्यांना थर्मामीटर हवा होता. नर्सला थर्मामीटर! या इमारतीत कोणाकडेच आपापल्या कामाची वस्तू नाही, हे माझ्या लक्षात आलं आहे. दिला. वाचायचा कसा तेही दाखवलं.

शनिवार, ७ तारीख

उरलेल्या कॉफीत भात शिजवला. पाणी तेवढंच वाचलं. दिसायला वेगळा झाला, म्हणजे अंधारात शिजवल्यासारखा. हिने दोन घास खाल्ले, बराच वेळ चावले आणि म्हणाली, "छान झालाय. तुम्हीच संपवा."

तिला माझ्यासाठी काहीतरी राखून ठेवायची पहिल्यापासून सवय. मी तिन्ही वेळा तोच भात खाल्ला. आता डोळ्याला डोळा लागणार नाही अशी लक्षणं आहेत.

सोमवार, ९ तारीख

आज मोठी झेप घेतली. कॉफीने कापड रंगतं (चादर साक्षी आहे), तर केस का रंगू नयेत? डोकं चार कपांत भिजवलं. मिशीला कापसाने तीन थर दिले. आरशात पाहिलं तर दहा वर्षांनी तरुण!

तसाच बाहेर जाऊन हिच्यासमोर उभा राहिलो. हिने पाहिलं, तोंडावर हात धरला आणि आत पळाली. दारातून बघतो तर उशीत तोंड खुपसून बसलेली, खांदे गदगदा हलताहेत. मला भरून आलं. लग्नाच्या वेळचा मी आठवलो असणार. मी हळूच दार लोटून घेतलं.

पोस्टातल्या बाई आल्या होत्या. समोरच्याच दारात राहतात, पोस्टातून निवृत्त झाल्या आहेत. त्यांना तिकीट हवं होतं. पत्राला लावायचं! मी दिलं. त्या माझ्या मिशीकडे टक लावून बघत राहिल्या. दुपारी आमटी प्यायलो, तेव्हा अर्धी मिशी आमटीत उतरली. सकाळपासून डोक्याभोवती माशा आहेत.

बुधवार, ११ तारीख

मुलीचा फोन. ती दुसऱ्या गावी असते. तिला बर्फ, भात, मिशी असा सगळा वृत्तान्त दिला. म्हणाली, "बाबा, रिकामा न्हावी कुडाला तुंबड्या लावी! तुम्ही सकाळी जरा फिरायला का जात नाही? दहाच्या सुमारास?"

"दहाला ऊन असतं," म्हटलं.

"छत्री घ्या."

वजनाची काळजी करते माझ्या. गुणी पोरगी आहे. मग "आईला फोन द्या" म्हणाली आणि दोघी अर्धा तास कुजबुजत होत्या.

शुक्रवार, १३ तारीख

टेबलावरचे चरे कॉफीने पुसले. चरे गेले. मग उत्साहाच्या भरात खुर्च्याही पुसल्या, त्याही जरा सढळ हाताने. वाळायच्या आत मीच बसलो. खाकी पँट असल्यामुळे फारसं कळत नाही, असं मला वाटलं होतं. दुकानदाराला कळलं. दुकानातल्या सगळ्यांनाच कळलं.

कुंडीतल्या झाडांनाही आठवडाभर कॉफी घालतो आहे. आज दोन झाडांनी माना टाकल्या. जागरणामुळे असेल.

दुपारी ही खिडकीपाशी बसून बाहेर बघत होती. म्हणाली, "अहो, तुम्हाला कारखान्याची आठवण येते?"

"छे!" म्हटलं. "इथे श्वास घ्यायला फुरसत नाही."

ती हसली, पण डोळ्यांतून नाही. दहा दिवस बघतो आहे, हिचं काहीतरी बिनसलं आहे. पूर्वी रात्री जेवताना इमारतीतल्या इतक्या गमती सांगायची, की मी "पुरे" म्हणायचो. आता विचारलं तरी "काही विशेष नाही" म्हणते. कॉफी वाया जाते याचंच तिला आतून लागत असणार. सवयीपुढे बिचारीचा इलाज चालत नाही.

रविवार, १५ तारीख

एवढी वर्षं तपासणी केली आणि घरातच चुकलो! वाकडे स्क्रू वेचत बसायचं नसतं, वाकडे स्क्रू पाडणारं मशीन बदलायचं असतं. मी इतके दिवस उरलेल्या कॉफीच्या मागे धावतो आहे. दोष किटलीत आहे. सहा कपांची किटली असली की हात सहा कपांचाच पडणार. उद्या सोक्षमोक्ष.

सोमवार, १६ तारीख

ही आंघोळीला गेल्यावर बाजारात जाऊन दोन कपांची सुबक किटली आणली. निळी किटली खाली नेऊन वॉचमनला देऊन टाकली. त्याच्या गेटजवळच्या खोलीत एक शेगडी आहे, त्याला उपयोग होईल. तो किटलीकडे बघत म्हणाला, "साहेब, बाईंना विचारलंत ना?"

"तिच्यासाठीच तर करतोय," म्हटलं.

वर येऊन छोटी किटली ओट्यावर ठेवली. ही आली. किटलीकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. मी उत्साहाने सगळं सांगितलं, स्क्रू, मशीन, हात, माप. तिने किटली उचलून झाकण लावलं, काढलं, परत लावलं.

"बरं केलंत," म्हणाली आणि खिडकीपाशी जाऊन बसली. कॉफी केलीच नाही. मी करून नेऊन दिली, तर कप हातात धरून तशीच बसली. डोळे भरले होते. मी विचारलं तर म्हणाली, "कचरा गेला."

डोळ्यात एवढा कचरा जात नाही, हे मलाही कळतं. पण काय झालं ते कळेना. शिल्लक एक थेंब नाही आणि घरात सुतक असल्यासारखं वाटतंय. जेवण गेलं नाही.

बुधवार, १८ तारीख

ही काल आणि आज सकाळी दहाला "ब्रेड आणते" म्हणून खाली गेली. दुकान गेटच्या बाहेरच आहे. दोन्ही दिवस साडेअकराला परत आली. पण काय सांगू, चेहरा उजळलेला! गुणगुणत जेवण केलं. रात्री नर्सबाईंच्या दवाखान्यातला किस्सा सांगून मला ठसका लागेपर्यंत हसवलं. तो तिला कुठे कळला, कोण जाणे.

दोन कपांच्या किटलीची करामत. दोष मुळाशी धरला की असं होतं.

शुक्रवार, २० तारीख

आज एक गोष्ट ध्यानात आली आणि पायांखालची जमीन सरकली. चार दिवस ही ब्रेड आणायला जाते. घरात ब्रेड नाही.

"ब्रेड कुठे?" म्हटलं.

"अगंबाई! विसरले की!"

चार दिवस! दीड-दीड तास बाहेर आणि कशासाठी गेलो तेच आठवत नाही! कारखान्यातल्या हेडक्लार्कच्या आईचं असंच सुरू झालं होतं. पुढे ती मुलालाच विचारायची, तुम्ही कोण. मी हिच्याकडे बघत बसलो. ही मजेत कांदा चिरत होती. पस्तीस वर्षांत मी हिला धड वेळ दिला नाही, आता दिवसभर घरी आलो, तर ही मलाच विसरून जायची.

शनिवार, २१ तारीख

ही शेजारी गेल्यावर मुलीला फोन केला. घाबरू नकोस म्हटलं आणि आईचं सगळं सांगितलं. मग फोनमधून विचित्र आवाज यायला लागले. मला वाटलं रडते आहे. हसत होती. पाच मिनिटं!

"बाबा, सोमवारी दहाला आईच्या मागे जा. लांबून. आणि तोंड उघडू नका," एवढं म्हणाली आणि ठेवला.

सोमवार, २३ तारीख

सगळं लिहितो.

दहाला ही "ब्रेड आणते" म्हणून निघाली. मी मागोमाग, अनवाणी, चपलांचा आवाज नको म्हणून. खाली पोचलो तर ही दिसेना. वॉचमन आपल्या खोलीच्या बाहेर स्टुलावर बसलेला, खोलीचं दार लोटलेलं. मी पुढे झालो, तसा त्याने हात आडवा केला.

"साहेब, थांबा. आत मीटिंग आहे. साडेअकराला संपते."

"कसली मीटिंग?"

"बायकांची. किटली इथे आली ना, तर मीटिंगपण इथे आली."

"आणि आधी कुठे होती?"

तो माझ्याकडे असा बघायला लागला, जसा मी नवीन पोरांकडे बघायचो. "तुमच्याकडे, साहेब. बावीस वर्षं. तुम्ही कामावर गेलात की दहाला सगळ्या तुमच्याकडे. मला वाटलं, तुम्हाला ठाऊक आहे."

दाराच्या फटीतून बघितलं. वॉचमनच्या खाटेवर दाटीवाटीने चौघी. शिंपीणबाई, नर्सबाई, पोस्टातल्या बाई आणि ही. मधे डब्यावर माझी निळी किटली, वाफाळणारी. नर्सबाई उभ्या राहून, छाती काढून, बोट नाचवत म्हणत होत्या, "नऊ नंबर म्हणजे नऊ नंबर, बाई! तिथे अंदाजपंचे चालत नाही!" हुबेहूब मी. ही हसता हसता शिंपीणबाईंच्या अंगावर कोसळली. असं हसताना मी हिला किती वर्षांत पाहिलं नव्हतं!

मग पोस्टातल्या बाई म्हणाल्या, "अगं, पण असं लपून किती दिवस? भाऊजींना सांग की सरळ."

हिचं हसू थांबलं. "कसं सांगू? बत्तीस वर्षं पहाटे उठून गेला तो माणूस. आता कुठे घरी आलाय. आल्या आल्या बाहेर व्हा म्हणू? पहिले दोन दिवस कॉफी केली ती तुमच्यासाठीच, याल म्हणून. मग बघितलं, तर हे उरलेल्या कॉफीच्या मागे लागलेले. काय तो उत्साह! म्हटलं, राहू दे, काहीतरी उद्योग हवा. म्हणून रोज उरवत गेले. तो काळा भात खाल्ला गं मी! मिशी रंगवून समोर उभे राहिले, तर उशीत तोंड घालून हसले, की दिसायला नको. आणि मग एक दिवस किटलीच देऊन टाकली."

पुढे ऐकवेना. मी अनवाणीच जिना चढलो.

काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय! चोर सोडून संन्याशाला फाशी दिली मी. किटलीत कसलाही दोष नव्हता. सुई, थर्मामीटर, तिकीट! तीनतीनदा दारात येऊन सांगत होत्या आणि मी त्यांना नंबर शिकवत होतो. बत्तीस वर्षं दुसऱ्यांच्या मालातली खोट काढली. स्वतः दारात आडवा उभा आहे, हे कळलं नाही. लाज वाटली. खूप लाज वाटली. आणि त्याहून जास्त काय वाटलं असेल, तर सुटका. तिला सगळं आठवतंय. अगदी काळा भातसुद्धा.

साडेअकराला ती वर आली. ब्रेड घेऊन आली होती आज. मी तो डब्यात ठेवून दिला.

मंगळवार, २४ तारीख

सकाळी वॉचमनशी बोलणी केली. निळी किटली वर, छोटी किटली खाली. तो म्हणाला, "आणि तुम्ही?"

"मीही खाली," म्हटलं. "दहा ते साडेअकरा. चालेल?"

त्याने स्टूल पुसून दिलं.

जेवताना हिला सांगितलं, "उद्यापासून मला काम आहे. दहा ते साडेअकरा. गेटवरच्या नोंदींची तपासणी."

"हो का?" वाढता वाढता म्हणाली. चेहरा अगदी सरळ. "आणि निळी किटली परत कशी आली?"

"वॉचमनला मोठी पडते."

"बरं," म्हणाली आणि मला जास्तीची पोळी वाढली. नको म्हणालो तरी.

बुधवार, २५ तारीख

सव्वानऊला तयार झालो. बूट घातले, काढावे लागले नाहीत. निघताना हिने कागदाची पुडी हातात दिली. "चार बिस्किटं आहेत. दोन तुमची, दोन वॉचमनची."

वॉचमनबरोबर बसणार हे मी तिला सांगितलं नव्हतं. मी पुडी खिशात टाकली. ट्रेमध्ये चार कप मांडलेले होते. हात लावला नाही.

दार उघडतो तर समोर शिंपीणबाई, मागे बाकीच्या दोघी. वेळेआधीच आल्या होत्या, मला बघून जागच्या जागी थिजल्या. "भाऊजी... ते... सुई..."

"आत या," मी म्हटलं. "गरम आहे."

मी एक मजला उतरेपर्यंत वरून हशा ऐकू आला. माझी नक्कल चालली असणार. चांगली करतात नर्सबाई, फक्त बोट डाव्या हाताचं नाचवतात. मी उजव्या हाताचं नाचवतो. कधीतरी सांगायला हवं.

खाली दोन कप कॉफी केली. वॉचमन दीड कप प्यायला. त्याचा मेहुणा एका कारखान्यात आहे, तिथे किती वाकडा माल निघतो हे तो तासभर सांगत होता. वेळ कसा गेला कळलं नाही.

साडेअकराला वर आलो. घर उघडं, सगळीकडे कॉफीचा वास, खुर्च्या वेड्यावाकड्या. निळी किटली ओट्यावर पालथी घातलेली. मी ती हळूच सुलटी केली, झाकण काढून आत नाक घातलं. एक थेंब नाही. तीन आठवड्यांत पहिल्यांदा मला कॉफी प्यावीशी वाटत होती.

"काय शोधताय?" ही मागून म्हणाली.

"काही नाही," म्हटलं. "सुई हवी होती."

ती हसली. ओट्याला धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. उशी आणायला आत गेली नाही.